उपवास ढेकणाचा, उपवास उवेचा

मे महिना आला की आमच्या इमारतीतली निम्मी घरे कुलूपबंद होतात. कुणी कोकणात, कुणी देशावर, कुणी मुलाकडे बंगळूरला. यंदा निघण्याच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी किल्ली ठेवायला आल्या आणि इकडेतिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुम्ही शास्त्राचं काहीबाही वाचता म्हणून विचारते. घरात ढेकूण झालेत. आता महिनाभर घर बंद राहील. उपाशी मरतील ना मेले?"

नाही मरणार, असे मी सांगितले. त्यांचा चेहरा पडला. पण काय करणार? महिनाभराचा उपास म्हणजे ढेकणाच्या दृष्टीने साधी एकादशीसुद्धा नव्हे.

दबक्या आवाजाचे मला नवल वाटले नाही. ढेकूण झाले हे सांगायची आपल्याकडे लाज वाटते. जणू घरात अस्वच्छता आहे अशी कबुलीच. ही लाज सोडून द्यायला हरकत नाही. २०२३ च्या शरदात ऐन पॅरिसमध्ये ढेकणांनी असा हाहाकार उडवला होता, की पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकचे काय होणार याची चर्चा जगभरच्या वर्तमानपत्रांत रंगली. आपल्या संस्कृत कवींनी तर देवांनाही सोडलेले नाही. लक्ष्मी कमळात झोपते, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात, ते केवळ ढेकणांच्या धास्तीने, असा तर्क एका सुभाषितकाराने करून ठेवला आहे. कमळ, बर्फ आणि पाणी. सुभाषितकाराला ढेकणाचे शास्त्र बरे ठाऊक असावे.

ढेकणाची दुसरी प्रसिद्ध हजेरी पंचतंत्रात आहे. राजाच्या पलंगावर चादरीच्या घडीत मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असते. राजा गाढ झोपला की हळूच रक्त प्यायचे आणि परत घडीत शिरायचे, असा तिचा संयमी संसार. एके दिवशी अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. 'राजा झोपेपर्यंत थांब' असे ती बजावते. पण त्या उतावळ्याला कुठला धीर! राजा जागा असतानाच तो कडकडून चावतो आणि फटीत पळून जातो. सेवक चादरी झटकतात, सापडते बिचारी मंदविसर्पिणी, आणि मारली जाते. अनोळखी माणसाला थारा देऊ नये, असे त्या गोष्टीचे सांगणे.

गोष्ट छान आहे, पण कीटकशास्त्राने पाहिले तर तिच्यातली पात्रे नेमकी उलटी आहेत. उतावळी असते ती ऊ. ढेकणाइतका धीर फार थोड्या प्राण्यांच्या अंगी असतो. राजा चार महिने शिकारीला गेला असता, तर परतल्यावर अग्निमुख त्याच्या स्वागताला फटीत हजर असता. मंदविसर्पिणी मात्र पहिल्याच आठवड्यात संपली असती.

असे का? दोघेही रक्तावरच जगतात, दोघांनाही पंख नाहीत, दोघांनाही माणूसच लागतो. मग एकाला महिने आणि दुसरीला दिवस, हा फरक कुठून आला? तो आला यजमानाच्या सवयींतून. ज्याचा यजमान कधी दूर जातच नाही, त्याला उपास सोसण्याची ताकद कमवायची गरजच पडत नाही.

डोक्यातल्या उवेचे पाहा. तिचा जन्म माणसाच्या केसात, लग्न तिथेच, बाळंतपण तिथेच. चोवीस तास उबदार घर आणि अर्ध्या बोटावर अन्न. दिवसातून अनेकदा थोडे थोडे रक्त प्यायचे, साठा असा काही करायचाच नाही. अशा ऊबाईला केसातून काढून जमिनीवर टाकले, तर ती एक-दोन दिवसांत मरते. तिच्या लिखांनाही टाळूची ऊब लागते. उशीवर पडलेल्या लिखेतून सहसा काही निपजत नाही.

ही माहिती आयांच्या फार उपयोगाची आहे. शाळेतून मुलगी उवा घेऊन आली की घरात जो धुमाकूळ उडतो, तो निम्मा अनाठायी असतो. गाद्या उन्हात, पडदे धुवायला, सोफ्यावर औषधाची फवारणी. याची काही गरज नाही. उशीचा अभ्रा, टॉवेल, रिबिनी आणि कंगवा गरम पाण्यात घातला की पुरे. खरी लढाई डोक्यावर आहे, आणि तिथले शस्त्र म्हणजे आजीची बारीक दातांची फणी. ओल्या केसांतून, पाठीमागे बसून, दर दोन-तीन दिवसांनी, निदान पंधरवडाभर. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय फारसा चांगला नाही.

अंगावरची ऊ ही हिचीच सख्खी बहीण, पण ती राहते कपड्यांच्या शिवणीत आणि जेवायला कातडीवर येते. म्हणजे तिचे घर आणि स्वयंपाकघर यांत थोडे अंतर आहे. तेवढ्या अंतराने तिला थोडा जास्त धीर दिला आहे: काही दिवस, फार तर आठवडाभर. आठवडाभर न घातलेला सदरा तिच्यासाठी मसणवट ठरतो. ही गोष्ट साधी दिसते. पण तिच्यामुळे लाखो जीव वाचले आहेत. ट्युनिसमध्ये काम करणाऱ्या शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आले, की टायफस तापाचा रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत इतरांना रोग देतो. त्याचे कपडे काढून, आंघोळ घालून आत घेतला की मग तो कुणाला काही देत नाही. म्हणजे रोग कपड्यांत आहे. १९०९ मध्ये त्याने प्रयोगाने दाखवून दिले, की टायफस पसरवते ती अंगावरची ऊ. त्याबद्दल त्याला १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ढेकणाकडे वळू.

ढेकूण अंगावर राहत नाही. तो खाटेच्या फटीत, गादीच्या शिवणीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे राहतो आणि रात्री जेवायला बाहेर पडतो. पाच-दहा मिनिटे रक्त प्यायले की त्याचे वजन दोन-तीन पटींनी वाढते. मग परत फटीत, आणि पुढचा आठवडाभर ते पचवत बसायचे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ होईपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याआधी एक पोटभर जेवण व्हावेच लागते. जेवण नाही, तर वाढ नाही. महिनाभर काही मिळाले नाही, तर पिल्लू महिनाभर त्याच वयाचे राहते. भूक लागली म्हणजे याच्या घड्याळाचे काटेच थांबतात, म्हणा ना.

जेवणाचा आणि वाढीचा हा संबंध उलगडून दाखवला तो व्हिन्सेंट विगल्सवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९३० च्या दशकात, लंडनमध्ये. त्याने ढेकूण घेतला नव्हता, तर दक्षिण अमेरिकेतला ऱ्होडनियस नावाचा रक्तपिपासू किडा घेतला होता. पोट रक्ताने तट्ट फुगले की त्या ताणाचा निरोप मेंदूकडे जातो आणि तिथून कात टाकण्याची आज्ञा सुटते, हे त्याने दाखवले. कसे? जेवण झाल्याबरोबर काही किड्यांची डोकी उडवून. डोके नसल्याने आज्ञा सुटली नाही, कात पडली नाही. पण बिनडोक्याचे ते किडे महिनोन्महिने जिवंत राहिले. एका जेवणावर, डोक्याविना. ढेकणाच्या जातकुळीला चिवटपणा किती आहे, याची कल्पना यावी म्हणून सांगितले.

हा चिवटपणा ढेकणाने आपल्या घरी शिकलेला नाही. तो फार जुना आहे. २०१९ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात ढेकणांच्या कुळाची वंशावळ प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हे घराणे दहा कोटी वर्षांहून जुने आहे. म्हणजे ज्या वटवाघळांचे रक्त त्यातल्या पुष्कळ जाती आजही पितात, त्या वटवाघळांपेक्षाही जुने. वटवाघळे ऋतू पाहून गुहा बदलतात. आज हजारो, उद्या एकही नाही. गुहेच्या भिंतीत बसलेल्या ढेकणाला पंख नाहीत, पाठलाग करता येत नाही. त्याच्यापुढे दोनच मार्ग: मरणे किंवा थांबणे. जे थांबू शकले, त्यांचा वंश उरला.

याचे फार सुंदर उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे कड्यांवर आणि पुलांखाली मातीची घरटी बांधणारे स्वॉलो पक्षी वसंतात येतात आणि उन्हाळा संपता संपता दक्षिण अमेरिकेकडे निघून जातात. त्यांच्या घरट्यांत ढेकणाचा एक चुलतभाऊ राहतो. पक्षी गेले की तो त्या रिकाम्या मातीत तसाच बसून राहतो, बर्फाचा हिवाळा काढतो आणि पुढच्या वसंताची वाट पाहतो. कधी कधी पक्षी त्या वसाहतीकडे फिरकतच नाहीत, मग आणखी एक वर्ष. नेब्रास्का राज्यात चार्ल्स आणि मेरी ब्राउन या दांपत्याने १९८२ पासून या पक्ष्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पक्षीही काही भोळे नाहीत: फार ढेकूण झालेली जुनी घरटी टाळून ते नवी बांधतात, असे त्यांना आढळले. थोडक्यात, ढेकणांमुळे घर बदलणारे आपण पहिले नव्हे.

उपाशी राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? आपण काही न करता नुसते पडून राहिलो, तरी आपले शरीर सदतीस अंशांवर तापत ठेवण्यासाठी सतत इंधन जाळावे लागते. ढेकणाला ही शेगडी नाही. भोवतालचे जे तापमान, तेच त्याचे. हालचाल बंद केली की खर्च जवळजवळ नाहीच. त्याचा खरा शत्रू भूक नसून तहान आहे. रक्त हेच त्याचे पाणी, आणि ते मिळाले नाही तर तो हळूहळू वाळत जातो. म्हणून त्याच्या पाठीवर मेणकट आवरण असते, जे ओल बाहेर जाऊ देत नाही. शिवाय उपाशी ढेकूण एकमेकांना चिकटून घोळक्याने बसतात. त्याने प्रत्येकाच्या अंगातली ओल कमी जाते, हे ओहायो राज्य विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मोजून दाखवले. खाटेच्या एकाच सांध्यात सगळी बिऱ्हाडे का सापडतात, याचे हे एक कारण.

शेगडी नाही म्हणजे थंडीत खर्च आणखी कमी. इथे ब्रिटनची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात तिथल्या शहरांतल्या गलिच्छ वस्त्या पाडून लोकांना नवी घरे देण्याची मोठी मोहीम निघाली. प्रश्न असा पडला, की जुन्या सामानाबरोबर ढेकूणही नव्या घरात जाणार. तेव्हा नगरपालिकांनी लोकांचे सामान बंद गाड्यांत भरून त्यावर हायड्रोजन सायनाइडसारखा जहाल वायू सोडायला सुरुवात केली. त्याच सुमारास ढेकणाचा सांगोपांग अभ्यासही सुरू झाला. सेसिल जॉन्सन या कीटकशास्त्रज्ञाने रिकाम्या, न तापवलेल्या खोल्यांत ढेकूण किती टिकतात, कोणत्या तापमानाला अंडी उबतात, सगळे मोजले. दहा अंशांच्या गारठ्यात उपाशी प्रौढ ढेकूण वर्षाहून अधिक काळ जगू शकतो, ही जी माहिती आजही पुस्तकांत सापडते, तिचा उगम त्या काळातल्या अशा मोजणीत आहे.

मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात दहा अंश कुठले! उष्ण हवेत ढेकणाचे इंधन लवकर संपते. व्हर्जिनिया टेक या अमेरिकन संस्थेत २०११ मध्ये सव्वीस अंशांना, म्हणजे आपल्या साधारण घराच्या हवेत, हा हिशेब नव्याने मांडला गेला. नुकती जन्मलेली पिल्ले काही आठवड्यांत संपली. मोठी पिल्ले आणि प्रौढ मात्र महिनोन्महिने टिकले; त्यांतली सर्वांत चिवट चार महिन्यांच्या वर गेली. वहिनींना मी 'नाही' म्हणालो ते या आकड्यांच्या भरवशावर. महिनाभर घर बंद ठेवून तान्ही मरतील; थोरली कंपनी तुमची वाट पाहत बसेल.

त्या प्रयोगात एक गंमत निघाली. औषधांना दाद न देणारे आजचे ढेकूण उपासात लवकर मेले, आणि औषध लागताच मरणारे जुन्या वाणाचे ढेकूण जास्त टिकले. विषाला पुरून उरण्याची ताकद फुकट मिळत नाही. तिचा खर्च कुठल्या तरी खात्यातून वजा होतोच.

हा जुना वाण कुठून मिळाला, तीही एक गोष्ट आहे. हॅरॉल्ड हार्लन नावाचे अमेरिकन सैन्यातले कीटकशास्त्रज्ञ १९७३ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत गेले. तिथे सैनिकांना ढेकूण झाले होते. त्यांनी त्यातले काही बरणीत भरून घरी आणले आणि पाळले. कापडाने तोंड बांधलेली बरणी स्वतःच्या अंगाला लावायची आणि जेवू घालायचे. असे वर्षानुवर्षे, स्वतःच्या रक्तावर! तेव्हा लोक त्यांना हसले असतील. पण पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभर ढेकणांनी पुन्हा डोके वर काढले, तेव्हा औषधांची कधी ओळखच न झालेला वाण शास्त्रज्ञांना हवा होता, आणि तो हार्लन यांच्या बरण्यांत होता. आज कितीतरी प्रयोगशाळांतले ढेकूण याच बरण्यांचे वंशज आहेत.

पिसवेचा उपास निराळ्या तऱ्हेचा. प्रौढ पिसू अंगावर चढली की तिला भराभर रक्त लागते. पण प्रौढ झाल्यावरही ती कोषातून लगेच बाहेर पडत नाही. धूळ चिकटलेल्या त्या इवल्याशा कोषात ती तयार होऊन बसते आणि बाहेरचा कानोसा घेते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला वायू, यांतले काही जाणवले की क्षणात बाहेर. नाही जाणवले, तर गार हवेत महिनोन्महिने आत. कुत्र्या-मांजरांचे वर्षानुवर्षे बंद राहिलेले घर नव्हे, तर चार-पाच महिने बंद असलेले घर उघडावे, मुले आत धावावीत आणि एकदम शेकडो पिसवांनी पोटऱ्यांवर उड्या घ्याव्यात, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. लोक म्हणतात, रिकाम्या घरात पिसवा झाल्या. त्या झालेल्या असतातच. आपण त्यांना उठवतो.

पिसू आणि भूक हा विषय निघाला की महाराष्ट्राला हसून चालत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या वर्षी पुणे हादरले. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. घरे उघडून, सामान जाळून, माणसांना फरफटत नेऊन सरकार ज्याचा शोध घेत होते, तो शत्रू कुणालाच ठाऊक नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितले, की उंदराचा प्लेग उंदराला आणि माणसाला पोचवते ती पिसू. पुष्कळांनी त्याची थट्टा केली.

खात्री पटली ती १९०५ नंतर, मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगामुळे. त्यांनी प्लेगच्या रिकाम्या केलेल्या घरांत गिनिपिग मोकळे सोडले. काही तासांत त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या, आणि पुढे त्यांतले कित्येक प्लेगने मेले. पण बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेले, किंवा भोवती चिकट कागद पसरलेले गिनिपिग वाचले. माणसे गेली होती, उंदीर मेले होते. घरात उरली होती ती फक्त उपाशी पिसू. उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी बांधायची, हे शहाणपण आपल्या खेड्यांतल्या लोकांनी याच अनुभवातून उचलले होते. त्यामागचे शास्त्र पुढे आले.

आणि त्या पिसवेची भूक साधी नव्हती. १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या बॅकॉट आणि मार्टिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी वाढून तिथे बूच बसवतात. रक्त प्यायले तरी खाली उतरत नाही. पिसू भुकेने कासावीस होते, पुन्हा चावते, पुन्हा चावते. आणि न उतरलेले रक्त जंतूंसकट उलटून जखमेत येते. चार-दोन दिवसांत ती उपाशीच मरते, पण तोवर तिने किती जणांना चावे घेतलेले असतात! ज्या रोगाने मुंबईचे रस्ते ओस पाडले, त्याचे टोक एका उपाशी पिसवेच्या अडलेल्या घशात होते. हे प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

उपासाचा विक्रम मात्र कीटकाच्या नावावर नाही, तर गोचिडाच्या नावावर आहे. गोचीड कीटक नव्हे. त्याला आठ पाय, म्हणजे तो कोळ्याच्या गोतातला. १९७६ मध्ये नैरोबीजवळ मिळालेले आर्गस ब्रुम्प्टी जातीचे तेरा गोचीड अमेरिकेत बिंगहॅमटन विद्यापीठातल्या ज्युलियन शेफर्ड यांच्याकडे आले. त्यांनी ते सांभाळले, आणि पुढे कधीतरी खाऊ घालणे थांबवले. माद्या आठ वर्षे उपाशी जगल्या. त्यानंतर त्यांना पुन्हा रक्त दिले, आणि शेवटचा नर मरून चार वर्षे लोटली असताना एका मादीने अंडी घातली, पिल्लेही झाली! कोरड्या आफ्रिकी गुहांत एखादे जनावर कधी विसाव्याला येईल याचा नेम नसतो. तिथे आठ वर्षांची तयारी ठेवावी लागते.

डासाचे काय, असे कुणी विचारील. डासाचे पोट मुळी रक्तावर नाहीच. नर तर चावतच नाही, आणि मादीलाही रक्त लागते ते अंड्यांसाठी. एरवी दोघेही फुलांच्या, फळांच्या रसावर जगतात. डेंग्यूच्या डासाची वाट पाहण्याची युक्ती अंड्यात आहे. उन्हाळा संपल्यावर कूलर कोरडा करून माळ्यावर टाकला, तरी त्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरताच उबतात. म्हणून कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, ब्रशने घासावा लागतो.

हे सगळे ऐकून वहिनींनी जे विचारले, तेच बहुतेक वाचक विचारतील: मग औषध मारून, घर बंद करून जायचे का? इथे मात्र मला हात जोडून सांगायचे आहे. धान्याच्या गोदामात वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी ढेकणांसाठी घरात ठेवू नयेत, आणि स्वस्तात काम करून देणाऱ्या कुणाला ठेवू देऊ नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत जातो, आणि तिथे झोपलेल्या लहान मुलाला उठण्याची संधी देत नाही. अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. ढेकूण माणसांत एखादा रोग पसरवतो, असे इतक्या संशोधनानंतरही सिद्ध झालेले नाही. खाज येते, झोप उडते, मनस्ताप होतो. पण त्यासाठी जिवाशी खेळ?

शिवाय ढेकूण विषाला सरावतो. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलरने १९३९ मध्ये शोधला. १९४७ मध्ये हवाईतल्या लष्करी बराकींतले ढेकूण त्याला जुमानेनासे झाले होते. उष्णतेला मात्र अजून कुठलाही ढेकूण सरावलेला नाही. पन्नास-पंचावन्न अंशांना तो आणि त्याची अंडी, दोन्ही संपतात. आपल्या आज्या बाजेवर उकळते पाणी ओतत, ते अगदी शास्त्रशुद्ध होते. फटी-शिवणींवर वाफ सोडणे, चादरी-अभ्रे साठ अंशांच्या पाण्यात धुणे, हे त्याच मार्गाचे. गादी नुसती गच्चीवर टाकून मात्र उपयोग कमी. ऊन वरून तापते आणि ढेकूण निवांत खालच्या बाजूला जाऊन बसतो. गादीला चोहोबाजूंनी चेनची खोळ घातली, तर आतले आतच अडकतात. पण खोळ वर्षभर तरी उघडायची नाही. का, ते वर आलेच आहे.

खाटेच्या पायांखाली वाट्या ठेवण्याची रीतही चांगली. परदेशात हल्ली याच कामाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या वाट्या मिळतात. ढेकूण आत पडतो आणि भिंत चढून बाहेर येऊ शकत नाही. पण उष्ण प्रदेशातला आपला ढेकूण त्यांच्या थंड देशातल्या भावापेक्षा चढण्यात पटाईत आहे, असे मलेशियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. तेव्हा आपल्या वाटीत तळाला साबणाचे पाणी किंवा थोडे तेल हवे. खाट भिंतीपासून चार बोटे दूर, चादर जमिनीला टेकता कामा नये. आणि एक गोष्ट विसरू नका: ढेकूण झाले म्हणून त्या खोलीत झोपणे सोडू नका. तुम्ही दिवाणखान्यात झोपायला गेलात, की दोन-चार रात्रींत तेही तुमच्या मागोमाग तिकडे येतील, आणि मग एका खोलीचे दुखणे दोन खोल्यांचे होईल. ढेकणाला वाटीपर्यंत आणायचे, तर त्या खाटेवर रोज रात्री कुणीतरी झोपलेच पाहिजे. कुणी झोपायचे, ते घरात बसून ठरवा.